पाठीवरचा वारा

पहिला मान आमच्या मोठ्या मामांचा. त्यांनी त्या सकाळी उलटून फोन केला नसता, तर माझी नोकरी गेली असती, आणि चार पाहुण्यांचं काय झालं असतं ते मला बोलवत नाही. केळापूरकडच्या या माणसाइतका वारा कळणारा माणूस साऱ्या दुनियेत नाही, हे मी पैजेवर सांगतो. जन्म तुरीच्या खळ्यात गेला. तिवईवर उभं राहून सूप हलवायचं, दाणा पायाशी पडतो, कुटार, म्हणजे हलकं भुसकट, उडून पुढं जातं. एवढ्यातून त्यांना वाऱ्याचा स्वभावच कळून गेला. घरात पंखा लावू देत नाहीत. म्हणतात, पंख्याचा वारा शिळा असते. माझ्या बहिणीच्या लग्नात मानपानावरून रुसलेल्या वरपक्षासाठी त्यांनी ओलं बोट हवेत धरून आचाऱ्याची भट्टी तीनदा हलवली, आणि सारा धूर बरोब्बर त्या मंडळींवर सोडला. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. आमच्याकडच्या बाया म्हणाल्या, पाहा, आतापासूनच किती जीव लावला पोरीवर!

मी आठवीत शाळा सोडली आणि फिरत फिरत पार कोकणात पोचलो. इथं कमरेला हवेनं फुगवलेला मोठा पतंग बांधून फळीवरून पाण्यावर धावायचा खेळ शिकवतात. पंधराच दिवस झाले होते. रोज फळ्यावर वाऱ्याचा अंदाज लिहिणारा माणूस गावी गेला, तर मालकांनी खडू माझ्या हातात दिला. फळा चुकला तर घरचा रस्ता धरायचा, म्हणाले, आणि बाजारात गेले. मोबाइलच्या नकाशावर नुसते बाणच बाण. त्यातलं मला काही कळेना. मी मामांना फोन लावला, वारा लई जोराचा आहे म्हणून सांगितलं.

"पाठीवर हाय का तोंडावर?"

"पाठीवर, मामा."

"मंग याच्याहून चांगला वारा नाही, बापू. होऊ दे सुरू."

मी ठळक अक्षरात लिहिलं: वारा उत्तम. पाहुणे आनंदानं ओरडत पतंगांत हवा भरू लागले. तेवढ्यात मामांचा फोन. आपणहून त्यांनी तोवर कोणाला फोन केलेला नव्हता.

"तुह्यासमोर काय हाय रे?"

समुद्र, म्हटलं.

"पाठीवरचा वारा कुटार कुठं नेते?"

"पुढं."

"मंग माणसाले काय मांगं आणून देईन? पुसून टाक थे लिहेलं."

मी धावत जाऊन बाहीनंच फळा पुसला. पाहुणे खवळले. एकानं मालकांना फोन करून माझी तक्रार केली. मालक आले ते लालबुंद होऊन. ते तोंड उघडणार, तोच वाळूवर नुसता ठेवलेला एक पतंग उठला आणि सरळ समुद्राकडे निघाला. सगळे बघत राहिलो. टिकलीएवढा झाला, मग दिसेनासा. मालकांनी माझ्या हातातला खडू घेतला, फळ्यावर "आज बंद" लिहिलं, आणि खडू परत माझ्याच हातात दिला.

संध्याकाळी मामांना सांगितलं, नोकरी राहिली. ते म्हणाले, "गावात मळणीचं थ्रेशर आलं, तवापासून मले वारा कोणी इचारत नाही. तू इचारत जा बापू."

विचारतो, रोज विचारतो. आणि एक दिवस त्यांना इथं आणीन, या वाळूवर खुर्ची टाकून बसवीन, आणि फळ्यापाशी येणाऱ्या प्रत्येकाला सांगीन, आधी मामांना विचारा.