बाद नोटांची परवानगी

भागवततात्यांनी एसटीत एकतीस वर्षं कंडक्टरकी केली, त्यातली बहुतेक केज–बीड रस्त्यावर. गाव नांदूरघाट. केजला तहसीलसमोर माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. या प्रकरणातला त्यांचा प्रत्येक अर्ज मीच टाइप केला, त्यामुळे ही हकिकत मला पहिल्यापासून ठाऊक आहे.

जुन्या पैशांचा नाद त्यांना नोकरीतच लागला. तिकिटाला म्हाताऱ्या बाया कनवटीची गाठ सोडायच्या, त्यात एखादं निजामाच्या राज्यातलं नाणं निघायचं. तात्या ते बाजूला ठेवायचे आणि आपल्या खिशातला रुपया थैलीत टाकायचे. रिटायर झाल्यावर ती नाणी एका डब्यात भरून ते शाळाशाळांतून फिरू लागले. कुणी बोलावलं नाही तरी जायचे. मुलांना सांगायचे की तुमच्या पणजोबांचा रुपया निजामाचा हाली आणि नगरकडचा इंग्रजांचा कळदार. तिकडं बाजाराला जायचं तर आधी रुपया बदलून घ्यावा लागायचा. निजामाच्या नोटेवर उर्दूसोबत मराठीतही रक्कम छापलेली असायची, हे सांगायला त्यांना फार आवडायचं. पण तशी नोट त्यांच्याकडं नव्हती. मोबाइलवर फोटो दाखवला की पोरं म्हणायची, असलं तर आम्हीपण बनवतो.

त्यांची पुतणी राजनंदिनी इंग्लंडमध्ये नर्स आहे. तिथल्या जुन्या बाजारात तिला एका अल्बममध्ये हैदराबाद संस्थानच्या सहा नोटा दिसल्या. तिनं व्हिडिओ कॉल लावून दाखवल्या. पाचाच्या नोटेवर देवनागरीत ‘पांच रुपये’ वाचता येत होतं. तात्यांना त्या दिवशी जेवण गेलं नाही, असं त्यांच्या पत्नी सरस्वतीकाकू सांगतात. राजनंदिनीनं अल्बम टपालानं पाठवला. पार्सलच्या फॉर्मवर आत काय आहे ते लिहायचं असतं. पोरगी सरळ. तिनं लिहिलं, ‘जुनं चलन, हैदराबाद.’

पार्सल आलं नाही. महिन्यानं कस्टमचं रजिस्टर पत्र आलं. तात्या ते घेऊन दुकानात आले आणि पुढ्यात ठेवून म्हणाले, “वाच बरं शिवशंकर, अन् सावकाश वाच.” मी वाचलं. परदेशातून आलेल्या पार्सलमध्ये चलनी नोटा सापडल्या आहेत. मध्यवर्ती बँकेची परवानगी जोडलेली नाही. माल सरकारजमा का करू नये, याचं कारण तीस दिवसांत कळवावं.

तात्यांना आधी हसू आलं. या नोटा बाद होऊन साठ वर्षं उलटून गेली होती. त्या देऊन कुणी चहासुद्धा पाजला नसता. आम्ही तसंच उत्तर लिहिलं, नम्रपणे, शाळांची नावं आणि मुख्याध्यापकांची दोन पत्रं जोडून. उत्तर आलं की खुलासा मिळाला, परंतु बँकेचं परवानगीपत्र सादर करावं.

मग आम्ही बँकेला लिहिलं. दीड महिन्यानं जबाब आला. त्यात म्हटलं होतं की सदर नोटा चलनात नाहीत, सबब त्यांच्या आयातीला परवानगी देण्याचा प्रश्न या बँकेच्या कक्षेत येत नाही. अर्ज निकाली काढण्यात येत आहे.

तात्यांना वाटलं, झालं काम. त्यांनी मला पेढे दिले. त्या पत्राची साक्षांकित प्रत कस्टमला पाठवली. कस्टमचं म्हणणं आलं की या पत्रात परवानगी दिल्याचं कुठंही नमूद नाही.

इथून पुढं तात्यांच्या तोंडाला चव राहिली नाही. आम्ही बँकेला परत लिहिलं की परवानगी लागत नाही, एवढं एका ओळीत तरी द्या. बँकेनं कळवलं की ज्या गोष्टीला परवानगी लागत नाही, तिला ती लागत नसल्याचा दाखला देण्याची पद्धत नाही. याबाबत कस्टमकडं विचारणा करावी. तात्या माझ्या दुकानातल्या बाकड्यावर बसून ते पत्र तीनदा वाचायचे, घडी करायचे, पुन्हा उघडायचे. एकतीस वर्षांत त्यांनी भांडकुदळ प्रवासी पाहिले, सुट्ट्यांवरून अंगावर आलेले पाहिले. पण ते म्हणायचे की प्रवाशाला निदान खाली तरी उतरवता येतं.

घरी सरस्वतीकाकूंनी वेगळाच सूर लावला. गावात कुणीतरी उठवलं होतं की भागवतला परदेशातून पैसे आले आणि सरकारनं धरले. दळणाला गेल्या तरी बाया विचारायच्या, किती होते म्हणून. काकू वैतागल्या. त्या म्हणाल्या की कागदाच्या सहा कपट्यांपायी माणसं मला चोराची बायको म्हणायला लागलीत, सोडून द्या. तात्या सोडायला तयार नव्हते. पुतणीनं पाठवलेली वस्तू चोरीची ठरली, तर उद्या तिच्याही नावाला बट्टा लागेल, ही भीती त्यांच्या मनात बसली होती.

सुनावणीला मुंबईला बोलावणं आलं. तात्यांकडं रिटायर माणसाचा मोफत पास होता. मांजरसुंब्याला गाडी बदलून ते गेले. त्यांच्या हट्टापायी मीही गेलो. अधिकारी पन्नाशीचे होते, मराठीच, बोलायला मऊ. त्यांनी फाइल मागवली आणि अल्बम टेबलावर ठेवला. तात्यांनी आपला माल पहिल्यांदा तिथं पाहिला. हात लावू का म्हणून विचारलं. साहेबांनी मान हलवली. तात्यांनी पान उलटलं, पाचाची नोट समोर आली, आणि ते खालचं मराठी मोठ्यानं वाचायला लागले. साहेबही वाकून पाहू लागले. त्यांनाही माहीत नव्हतं की निजामाच्या नोटेवर मराठी असायची.

मग तात्या म्हणाले, “साहेब, मी कंडक्टर होतो. काल फाडलेलं तिकीट आज चालत न्हाई, हे मला कळतं. पण ते बाद तिकीट खिशात ठिवायला कुणाची परवानगी कावून लागावी?”

साहेबांनी अल्बम मिटून बाजूला ठेवला. मग म्हणाले, “तात्या, मला पटतंय. पण फॉर्मवर चलन लिहिलंय. चलन म्हटलं की बँकेचा कागद लागतो. तो नसताना मी सोडलं, तर उद्या माझ्यावर नोटीस निघेल.”

“बँक म्हणती हे चलनच न्हाई.”

“तर मग तसा परवाना आणा.”

तात्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी कागद गोळा करून पिशवीत घातले.

तीन आठवड्यांनी हुकूम आला. सहा नोटा सरकारजमा. दंड भरून सोडवून घ्यायची मुभाही दिलेली नव्हती. साठ दिवसांत अपील करता येईल, असं शेवटी छापलं होतं. तात्यांनी अपील केलं. ते सात महिने पडून राहिलं. मधल्या काळात त्यांच्या डोक्यात शंका आली की नोटा आहेत तरी कुठं. म्हणून माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला.

त्याचं उत्तर मी आधी वाचलं आणि तात्यांना फोन केला की आत्ताच्या आत्ता दुकानात या. कस्टमनं त्या नोटा जप्त चलन म्हणून बँकेत भरणा करायला पाठवल्या होत्या. बँकेनं त्या परत केल्या. शेरा होता की हे चलन नाही, सबब भरणा स्वीकारता येत नाही. म्हणजे आठ महिने आम्ही जो कागद मागत फिरत होतो, तो बँकेनं आम्हाला न देता कस्टमला दिला होता, आणि कस्टमनं तो त्याच फाइलला लावून ठेवला होता.

तात्यांना राग यायला हवा होता. ते नुसते बाकड्यावर बसले आणि पाणी मागितलं. मग म्हणाले, “याची झेरॉक्स काढ. धा काढ.”

अपिलाची सुनावणी माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर झाली. तात्या इस्त्रीचा सदरा घालून आले होते. पलीकडच्या अपील अधिकारी बाईसाहेबांनी तो शेरा पडद्यावर दोनदा वाचून घेतला आणि विचारलं की हा कागद खालच्या कार्यालयाला दिसला नव्हता का. तात्या म्हणाले की तो त्यांच्याच फाइलीत होता. बाईसाहेबांनी तेवढं लिहून घेतलं. पंधरा दिवसांत हुकूम रद्द झाला आणि माल परत करावा असा आदेश निघाला.

पार्सल यायला आणखी दोन महिने लागले. पोस्टमननं आणून दिलं तेव्हा तात्यांनी काकूंना आधी हात धुवायला लावले. अल्बम उघडला. नोटा अल्बमात नव्हत्या. एका खाकी पाकिटात होत्या, आणि प्रत्येकीला डाव्या बाजूला दोन भोकं होती. फाइलीत दोरीनं ओवण्यासाठी पंच मारला होता. पाचाच्या नोटेवर एक भोक बरोबर ‘पांच’च्या पहिल्या अक्षरातून गेलं होतं. वाचायला ‘च रुपये’ उरलं होतं.

काकू सांगतात की ते ओरडले नाहीत, शिव्याही दिल्या नाहीत. दाराशी जाऊन उभे राहिले. संध्याकाळी मला फोन केला आणि विचारलं की याच्यावर अर्ज करता येतो का. मी म्हणालो, करता येतो. तात्या म्हणाले, राहू दे.

आता ते नोटा घेऊन शाळांत जातात. परवा उमापूरला गेलते. येताना दुकानात डोकावले तर चेहरा आंबलेला. विचारलं तर म्हणाले, “हाली सांगितलं, कळदार सांगितलं, उर्दू दाखवली, मराठी दाखवली. पोरांचं एकच, गुरुजी, ही भोकं कशाची? मग सगळा तास कस्टमचंच सांगत बसावं लागतं. अन् लई आवडतं बघ त्यांना ते.”