दाढ, पक्कड आणि धोटा

१९९६ साल. माझं वय तेव्हा चोपन्न. सुरतच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी माझ्या जबड्याचा एक्स-रे खिडकीच्या उजेडासमोर धरला आणि म्हणाले, ऑस्टिओमायलायटिस. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. म्हटलं, समजेल असं सांगा. त्यांनी एक्स-रेतली खाल्ल्यासारखी जागा बोटाने दाखवली. हाडात पू झालाय म्हणाले. जखम उघडून, हाड खरवडून धुवावं लागेल. नाही धुतलं तर जबड्याचा तुकडा कापून काढावा लागेल.

मी सांगितलं, तोंडात कुणाचंही अवजार जाऊ देणार नाही. अवजारानेच हे झालंय.

असं दुखणं ज्यांच्या घरी येईल त्यांच्यासाठी लिहितोय, म्हणून आधीपासून सांगतो.

मी शिंदखेड्याकडचा. तरुणपणी सुरतेला कापडाच्या लूमवर कामाला आलो आणि लिंबायतमध्ये राहिलो. गल्लीत सगळे आपलेच, साक्रीचे, अमळनेरचे, पारोळ्याचे. सकाळी घरोघर कळण्याच्या भाकरीचा वास. पाळी सुटली की माणसं ओरडून बोलायची, लूमच्या आवाजाने सगळ्यांचे कान जड झालेले. नवीन पाहुण्याला वाटायचं भांडणं चाललीत. खरं तर कुणीतरी कुणाला चहाला बोलवत असायचं. ती खटखट मला आजही अंगाईसारखी वाटते. आता तिथे नव्या मशिनी आल्यात. त्यांना धोटा लागत नाही.

धोटा म्हणजे लाकडी शटल, लूममध्ये इकडून तिकडे पळतो तो. त्याच्या पोटात सुताची कांडी बसते. कांडी संपली की नवी घालायची, धाग्याचं टोक आतल्या भोकाशी धरायचं, बाहेरच्या भोकाला ओठ लावायचे आणि श्वास आत ओढायचा. धागा सुर्रकन जिभेवर येतो. तेलाची, लाकडाची आणि आधीच्या माणसाच्या तंबाखूची चव येते. यात माझा हात, म्हणजे माझं तोंड, कुणी धरू शकत नव्हतं. शेठ नव्या पोरांना माझ्याकडे बघायला उभं करायचे.

गल्लीच्या तोंडाशी एका गुजराती मुलीने दातांचा दवाखाना काढला होता. त्याआधी आम्ही फाटकाजवळच्या फूटपाथवाल्याकडे जायचो, तो पक्कड धोतराला पुसून पुढच्याच्या तोंडात घालायचा. ही दाक्तरीण वेगळी. प्रत्येक माणसामागे नवे हातमोजे. अवजारं कुकरसारख्या भांड्यात वाफेवर ठेवायची, त्याला स्टरलाइज करणं म्हणतात, म्हणजे जंतू मारणं. तोवर लोक बाकावर ताटकळत. माझा जोडीदार साहेबराव आत डोकावून विचारायचा, "बेन, डाळ शिजली का?"

ती मास्कमधूनच म्हणायची, "कच्ची खाओगे तो पेट दुखेगा, भाई."

माझी दाढ तिनेच काढली. कापूस दाबून सांगितलं, बिडी नको, जोरात चूळ नको, नळीने थंड पिऊ नका. यातलं मी एरवीही काहीच करत नव्हतो. घरी जाऊन झोपा म्हणाली, ते मात्र मी मनावर घेतलं नाही. दाढेसाठी पाळी बुडवली असं कुणी म्हणायला नको. सरळ खात्यावर, म्हणजे लूमच्या कारखान्यात गेलो आणि रात्रीपर्यंत लूम चालवली.

दोन-चार दिवसांत गाल फुगला. मग वास यायला लागला. मग खालचा ओठ बधिर झाला, चहा हनुवटीवरून ओघळला तरी मला कळायचं नाही. घरची म्हणाली, दाक्तरणीकडे चला. मी गेलो, पण भांडायला. बाकावरच्या सगळ्या लोकांसमोर सांगितलं की हिची पक्कड घाण आहे. तिने ते वाफेचं भांडं उघडून दाखवलं. मी बघितलंच नाही. तीच म्हणाली, काका, आजच मोठ्या दवाखान्यात जा, आणि चिठ्ठी दिली.

तर असा मी त्या वॉर्डात पोचलो. रक्त तपासलं तर साखर निघाली, ती कधीपासून होती देव जाणे. साखर असली की जखम भरत नाही. सलाईनमधून औषधं सुरू झाली. सिस्टर एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जाताना दर वेळी हात धुवायच्या. दोन वर्षांपूर्वीच्या प्लेगनंतर सुरतेत सगळ्यांनाच धुण्याची सवय लागली होती. रोज डॉक्टर यायचे, तोंड उघडा म्हणायचे, मी दात आवळून पडून राहायचो.

खात्यातली माणसं भेटायला यायची. गल्लीत काय चाललंय ते त्यांच्याकडून कळायचं. दाक्तरणीच्या बाकावर आता कुणी बसत नव्हतं. साहेबरावाने स्वतःची ठणकणारी दाढ तशीच ठेवली होती. माझ्या बाजूने उभा आहे, हे दाखवायला.

ती एकदा वॉर्डात आली. मी भिंतीकडे तोंड केलं. ती डॉक्टरांशी हळू आवाजात बोलली आणि गेली.

सूज गळ्याकडे उतरायला लागली तेव्हा डॉक्टर खाटेजवळ स्टूल ओढून बसले. एक-दोन दिवसांत धुवू दिलं नाही तर हाड कापायची तयारी करावी लागेल म्हणाले. साहेबराव शेजारी उभा होता. मला म्हणाला, "उघाड ना भो तोंड. नही ते जबडा जाई."

मी डॉक्टरांना एकच विचारलं, "हड्डी काटेगा तो धागा कैसे खींचेगा मैं?"

"कौनसा धागा?"

साहेबरावाने हवेत धोटा धरून, ओठांचा चंबू करून ओढून दाखवलं.  डॉक्टरांनी विचारलं, दाढ काढली त्या दिवशीही? म्हटलं, त्या दिवशी तर जास्तच, दुसऱ्या माणसाची लूमही मीच चालवत होतो. त्यांनी विचारलं, एक धोटा किती जणांच्या तोंडाला लागतो? दोन्ही पाळ्यांच्या. कधी धुतात? साहेबराव हसला. लाकूड कुणी धुतं का, फुगेल ना.

मग त्यांनी समजावलं. दाढेच्या खड्ड्यात रक्ताची गाठ बसते, तिला क्लॉट म्हणतात. तेच हाडावरचं झाकण. श्वास ओढला की झाकण निघतं आणि हाड उघडं पडतं. त्यात दहा तोंडांची लाळ ओढली तर काय होईल?

मी म्हटलं, हे तुम्ही सांगता. मला दिसलं पाहिजे.

डॉक्टरांना राग यायला हवा होता. त्यांनी साहेबरावाला खात्यातून एक धोटा आणायला लावला. माझ्या डोळ्यांसमोर त्याच्या भोकात कापसाची काडी फिरवली. दुसरी काडी माझ्यासाठी, दाक्तरीण करते तशीच, वाफवून ठेवलेल्या अवजारांवरून फिरवली. मग कल्चर केलं, म्हणजे जंतूंना खाऊ घालून वाढवून बघणं. सूज वाढते की काय म्हणून तोवर सिस्टर सारख्या बघून जात होत्या. दुसऱ्या दिवशी काचेच्या दोन बशा आल्या तेव्हा अवजारांची बशी कोरी होती. धोट्याची बशी पिवळट ठिपक्यांनी भरलेली. हेच जंतू तुमच्या हाडात आहेत असं छातीवर हात ठेवून नाही सांगणार, डॉक्टर म्हणाले, पण कोणती वस्तू तोंडात घालाल ते बघा.

मी खूप वेळ बघितलं. मग तोंड उघडलं.

हाड धुतलं, थोडं खरवडावं लागलं. जबडा राहिला. ओठाचा एक कोपरा आजही बधिर आहे. घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं, जखम रोज धुवून घ्यायची, इथे या किंवा घराजवळ कुणाकडे जा. मी म्हटलं, घराजवळ एक आहे.

तुम्हाला एवढंच सांगतो. दाक्तराचे हात स्वच्छ हवेत हे बघाच, तो तुमचा हक्क आहे. पण तुमच्या धंद्यात तोंडाला काय लागतं तेही त्यांना आपणहून सांगा. त्यांना विचारायचं सुचणार नाही.

घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी इस्त्रीचा शर्ट घातला आणि दाक्तरणीच्या दवाखान्यात गेलो. बाक रिकामा होता. तिने दारातून बघितलं आणि आत या म्हणाली. म्हटलं, थांब बेन, पाळी सुटू दे. बाक उचलून दाराबाहेर रस्त्यावर मांडला आणि बसलो. खात्यातली माणसं घोळक्याने आली. गालाला पट्टी बघून एकेक जण थांबला आणि इथे काय बसलात म्हणून विचारू लागला. प्रत्येकाला ओरडून सांगितलं, जखम धुवायला आलोय, हिच्याच हाताने. साहेबराव सगळ्यांच्या मागे होता. त्याला हाताने बाकावर जागा दाखवली. तो गाल धरून बसला. मग मी उठून आत गेलो.