‘काठावर कोण होतं?’

वैजयंती गेल्याचं माझ्या भाचीने फोनवर सांगितलं, तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, “तुला कुणी सांगितलं?” मग मी वैजूच्या नवऱ्याला फोन लावला. त्यांनी ‘हो’ म्हटलं, तेव्हाच मी ते खरं मानलं... ही खोड मला वैजूनेच लावली.

ईट नावाच्या गावाजवळ आमचं खेडं, तिथली वैजू वीस वर्षं टीव्हीवर बातम्या देत होती. शाळेत माझ्याच बाकावर बसून अखंड बडबडणारी ही पोरगी पडद्यावर इतकी शांत कशी, याचं मला कायम नवल वाटे. गावात कुणी थाप मारली की लोक विचारत, “वैजीनं सांगितलं व्हय?” तिने सांगितलं म्हणजे शिक्काच.

सहा वर्षांपूर्वी तिने वाचलं, की आमच्या तळ्याचा बांध फुटला. समोर आलेला मजकूर तिने वाचला, इतकंच. खालची वस्ती तासाभरात रिकामी झाली. बांध जागच्या जागी होता. पण पळताना किसनआजोबा पडले, खुबा मोडला, आणि ते पुन्हा चालले नाहीत.

चौथ्या दिवशी ती आली. मला सोबत घेऊन घरोघर फिरली. आधी हात जोडायची आणि लगेच विचारायची, “बाहेर येऊन तळ्याकडे एकानंही का नाही बघितलं?” मी अवघडून जाई. बाई माफी मागायला आलीय की चौकशीला? पण तिला ते खरंच जाणून घ्यायचं होतं. खाटेवरचे आजोबा हसले. “तू सांगितल्यावर बघत बसायचं व्हय पोरी? उद्या परत सांगितलंस तरी पळू. फकस्त मला खाटंसकट न्यावं लागंल.”

परतताना ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडली. “शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं गं.” नोकरी सोडते म्हणाली. सोडली नाही. पण आपल्या जिल्ह्याची बातमी स्वतः फोन करून खात्री केल्याशिवाय वाचायची नाही, असा हट्टच धरला. वरिष्ठ चिडत, दुसऱ्या वाहिन्या पुढे निघून जात. आणि फोन कुणाला? मला! “मंगे, तेरला पूर आलाय म्हणतात, बघ.” तेर काय माझ्या परसात आहे? मी शाळेतली बाई, मधल्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून तिकडच्या ओळखीपाळखी शोधत बसायची.

एकदा आमचं तळं भरून सांडव्यावरून पाणी जातंय का, असं तिने विचारलं. मी वैतागून तळ्यावर न जाताच म्हणाले, “पाहिलं. सांडवा वाहतोय.”

“काठावर कोण होतं?”

मी नावं जुळवू लागले. ती रागावली नाही. “जाऊन ये, मी थांबते.” गेले, तर सांडवा कोरडा ठणठणीत. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

तिला जाऊन महिना झाला. मागच्या आठवड्यात पावसाची झड लागली होती. दुपारी किसनआजोबांच्या सुनेचा फोन आला. “बाई, टीव्हीवर बांध खचला म्हणून सांगायलेत. पळावं का थांबावं?”

आजोबांना आणि लेकरांना आधी वर शाळेत हलवा, तोवर मी बघून येते, असं सांगून स्कूटी काढली. बांधावर या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा चालले. कुठे भेग नव्हती, ओल नव्हती. तरी फोन लावायचा धीर होईना... वैजू हे रोज कसं करत होती? तिसऱ्यांदा चालून आले, मग फोन लावला.

“बांध शाबूत हाय. मी स्वतः बघितलंय.”

“बरं बाई,” आजोबांची सून म्हणाली. तिने मला पुढे एकही प्रश्न विचारला नाही.