इन्स्पेक्टरच्या स्वप्नातलं वाक्य

नव्वदच्या दशकातला एक रविवार... सुरतमध्ये गोडादऱ्याला आमची एक खोली होती, आणि सकाळी अकरा वाजता त्या खोलीत दहा-बारा माणसं टीव्हीसमोर बसलेली होती.

तेव्हा एक हिंदी डिटेक्टिव्ह सिरीयल लागायची. एका शेठच्या बायकोचा खून झालेला, आणि चार भाग झाले तरी खुनी सापडत नव्हता. गल्लीत त्यावर चहाच्या पैजा लागलेल्या!

आबा, म्हणजे माझे वडील, सगळ्यात पुढे बसायचे. अगदी स्क्रीनला चिकटून. वीस वर्षं पॉवरलूमवर काम केलेलं, नजर कमी झाली असेल असं आम्ही धरून चाललो होतो.

आई त्या काळात त्यांच्यावर फार नाराज होती. ती स्वयंपाक करता करता काही विचारायची आणि आबा उत्तरच द्यायचे नाहीत. "तुना बाप आते मनासंगे बोलस नही," असं ती एकदा मला आमच्या अहिराणीत म्हणाली. मी तेव्हा चौदा वर्षांची होते.

तर त्या रविवारी सिरीयलमधल्या इन्स्पेक्टरला स्वप्न पडलं. ते स्वप्न आहे हे आधी आम्हाला कळलंच नाही! पोलीस स्टेशनात गुडघाभर पाणी, त्यात फायली तरंगतायत, हवालदार छत्री उघडून खुर्चीत बसलाय... आणि खून झालेली बाई हिरव्या साडीत पाण्यातून चालत येते, इन्स्पेक्टरसमोर उभी राहते आणि काहीतरी बोलते.

ओठ हलले. आवाज काहीच नाही.

"आवाज गेला वाटते!" शेजारचे वानखडेकाका ओरडले. ते अमरावतीकडचे, आबांच्याच कारखान्यात कामाला. मी उठून व्हॉल्यूम फुल केला, तर आबा माझ्यावरच चिडले... "बाजूले सरक, दिसत नही."

तेवढ्यात टीव्हीतला फोन खणखणला. फुल व्हॉल्यूममध्ये! मागचे सगळे दचकले, मी आवाज कमी केला. इन्स्पेक्टर पलंगावर उठून बसला, आणि तिथेच भाग संपला.

मग अर्थ लावणं सुरू झालं. वानखडेकाका म्हणाले, पाणी म्हणजे नदी, खून नदीकाठी झाला. समोरच्या हंसाबेन म्हणाल्या, हिरवी साडी सुवासिनीची, म्हणजे "पती निर्दोष छे". आईचं म्हणणं, मेलेलं माणूस स्वप्नात येतं ते काहीतरी मागायला येतं, त्या बाईचे दिवस नीट झाले नसतील.

आबा आमच्याकडे वळून बसले होते. ते शांतपणे म्हणाले, "पाण्याचं सोडा. बाईनंच सांगितलं ना, दरवाजा मैंने खोला था. म्हणजे खुनी ओळखीचा आहे."

काकांनी विचारलं, "कधी म्हणाली?"

"आत्ता. इन्स्पेक्टरला म्हणाली ना..." आबा आमच्या सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे बघायला लागले. "तुम्ही ऐकलं नाही का?"



लूमच्या खडखडाटात कोणाला काही ऐकू येत नाही, तिथे सगळे ओठांवरूनच बोलणं ओळखतात. ते काकांनाही थोडंफार जमायचं. पण आवाज बंद होता हे काकांना कळलं होतं... आबांना कळलंच नव्हतं.

आबा पुन्हा टीव्हीवरची जाहिरात बघायला लागले. आई उठली, त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आयकात का?" आबा हलले नाहीत. ती पुन्हा म्हणाली, जोरात. तरी नाही.

एकेक करून माणसं बाहेर पडली. वानखडेकाकांनी जाताना दार ओढून घेतलं.

मग आई आबांच्या समोर येऊन बसली. "कवयपाशीन?" म्हणजे कधीपासून... आबांनी तिच्या ओठांकडे बघितलं आणि मान खाली घातली. "दोन वरीस व्हई गयात."

कारखान्यात कळलं तर लूमवरून काढतील, ही त्यांना भीती. आणि घरात? "तू रडशी म्हनीसन."

"आनी दोन वरीस मी काय हासत व्हतू?" आई म्हणाली, आणि मग रडलीच. आबा तिचा हात धरून नुसते बसून राहिले. मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी आई त्यांना सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, गेलेलं ऐकू परत येणार नाही, पण राहिलंय ते वाचवायचं असेल तर लूम सोडा. वानखडेकाकांनी ओळखीच्या एका शेठकडे शब्द टाकला, आणि आबांना कापड तपासायचं काम मिळालं. पगार कमी... पण तिथे शांतता होती.

(सिरीयलमधला खुनी त्या बाईचा दीर निघाला. दार खरंच तिनेच उघडलेलं!)

काही महिन्यांनी कानाचं मशीन आलं. ते लावून आबा पहिल्यांदा काय म्हणाले माहितीय? "पंखा एवढा वाजतो? आणि तुम्ही झोपता?"

आबा आता पंच्याहत्तरीला आलेत. आईला काही सांगायचं असेल तर ती अजूनही हातातलं काम बाजूला ठेवते, त्यांच्या समोर जाऊन बसते, मग बोलते. तेच बघत आम्ही भावंडं मोठी झालो, त्यामुळे पाठमोऱ्या माणसाशी बोलणं आम्हाला जमतच नाही. ऑफिसमध्ये परवा एक मुलगी मला म्हणाली, "मॅडम, तुमच्याशी बोलताना बरं वाटतं, तुम्ही पूर्ण बघता माणसाकडे." मी थँक्यू म्हटलं... पण ते थँक्यू खरं तर माझ्या आईबापांचं.