सरावाचं तोंड

दोन विद्यापीठांनी हातमिळवणी केली, एक इथलं, एक परदेशातलं, आणि डिंडोली वस्तीतल्या गरिबांचा कॅन्सर लवकर पकडायचं ठरवलं. मला गुजरातीबरोबर मराठी येतं आणि गल्ल्या ठाऊक आहेत, म्हणून शाळेची नोकरी सांभाळून समन्वयाचं काम मी घेतलं. पहिल्याच आठवड्यात घरांची यादी करून दिली. त्यांनी मला टोपी, पिशवी आणि गळ्यातलं ओळखपत्र दिलं.

फॉर्म अकरा पानी. त्यात तंबाखू खाता का, हे विचारलं होतं. मिश्रीचं नावही नव्हतं. खानदेशातून आलेल्या आमच्या बायका भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड रोज हिरड्यांना चोळतात आणि त्याला दात घासणं म्हणतात. माझी शेजारीण घरी बसून साड्यांना खडे चिकटवते. सर्वेक्षणाच्या मुलीला तिनं ठणकावलं, "मी तमाखू खात नही. मिसरी लावस." मुलीनं 'नाही'वर खूण केली आणि पुढच्या दारी गेली. 'नाही'वाल्यांची तोंडं तपासायची नव्हती. शेजारणीच्या गालात आतून पांढरा चट्टा होता. तिखट घास घेतला की तिच्या डोळ्यांत पाणी यायचं.

एक ओळ वाढवा, असं मी ऑफिसात सांगितलं. फॉर्म दोन्हीकडच्या समित्यांनी मंजूर केलाय, पुढच्या टप्प्यात बघू, असं उत्तर आलं. तिचा चट्टा पुढच्या टप्प्यापर्यंत थांबणार होता की काय, ते समित्यांना ठाऊक.

मग हॉटेलच्या हॉलमध्ये प्रशिक्षण झालं. तोंड कसं तपासायचं ते शिकवायचं होतं, पण जमलेल्यांची तोंडं धडधाकट. मोठ्या डॉक्टरांना दाखवण्याजोगं तोंड हवं होतं. मी आणते म्हणाले आणि रिक्षा केली.

शेजारणीनं तासभर तोंड उघडं ठेवलं. एकेकानं बॅटरी मारून डोकावलं, फोटो काढले. डॉक्टर खूश. अगदी पुस्तकात शोभेल अशी केस आहे म्हणाले आणि त्यांनी जेवणाची सुट्टी जाहीर केली. तिच्याशी कुणी एक शब्द बोललं नाही.

आता हिनं कुठं जायचं, असं मी विचारलं.

"बेन, हे ट्रेनिंग आहे," डॉक्टर म्हणाले. " उपचार प्रकल्पात बसत नाहीत."

मी त्यांच्या ताटाशेजारी पॅड आणि पेन ठेवलं. "सरकारी दवाखान्याला चिठ्ठी लिहा, मग जेवा."

त्यांनी लिहिली. चार ओळी, सहीसकट. अकरा पानांत जे जमलं नव्हतं ते तेवढ्यात झालं.

सरकारी दवाखान्यात तुकडा काढून तपासला. कॅन्सर अजून झालेला नव्हता, पण चट्टा त्याच वाटेवर होता. तो कापून काढला. दर तीन महिन्यांनी दाखवायला सांगितलंय. प्रकल्पात त्यासाठी रकाना नाही, म्हणून तारखा माझ्या वहीत आहेत. पहिल्याच खेपेला ती अडून बसली; संध्याकाळी साड्या द्यायच्या होत्या. मी पदर खोचून निम्मे खडे चिकटवले आणि तिला बसमध्ये बसवलं.