मांडव वहिनीचाच

मांडववाल्याच्या गोडाउनात काय साठतं? पाइप, कनाती, गाद्या आणि किस्से. पाइप दर लग्नात एखादा हरवतो. किस्से मात्र नेतो त्याहून जास्त परत आणतो!

आमचा धंदा नाशिकला. धंदा दादाचा. मी आठवी नापास, म्हणून तेव्हापासून दादाच्या हाताखाली दोर बांधतोय. यंदा दिवाळीनंतर सटाण्याहून मांडव उतरवून येताना पिकअप उलटली आणि दादा गेला. पुढचं मला लिहिता येत नाही, म्हणून लिहीत नाही.

तेराव्याला सायखेड्याचे काका पंगतीतच म्हणाले, "बारक्या, धंदा आता तू बघ. तुझ्या वहिनीला घरी बसव. लग्नाच्या मांडवात विधवा बाई फिरली तर कोण ऑर्डर देईल?"

मी म्हणालो, "काका, मांडवच तिचा आहे. त्यात कोणी फिरायचं ते ती ठरवेल!"

काका जेवण टाकून उठले. उठू देत. पुढच्याच आठवड्यात दुरुस्त होऊन आलेल्या पिकअपमध्ये वहिनी दादाच्या जागेवर बसली. काका म्हणतात, आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत थांबा, एक ऑर्डर राहणार नाही. बघूच!

*

पहिलंच काम गंगापूर धरणाकडच्या द्राक्षबागेतल्या रिसॉर्टवर. नवरदेव नाशिकरोडचा, नवरी जर्मनीची. आदल्या संध्याकाळी तिचे पाहुणे आले आणि धडाधड बशा आपटायला लागले!

मी पळत गेलो. "ओ साहेब, भाड्याच्या आहेत!"

नवरदेव हसला. "असू दे रे, भरून देतो. त्यांच्यात रीत आहे. जेवढं फुटेल तेवढं शुभ."

फोडणाऱ्यांत सगळ्यात पुढे नवरीची आजी. नवरा कधीच वारलेला. तिला कुणी 'मागे हो' म्हटलं नाही. कुणी तसं म्हणून तर बघायचं होतं, बशी हातातच होती!

दुसऱ्या दिवशी दुसरी रीत. नवरा-नवरीने मिळून करवतीने ओंडका कापायचा. ओंडका आणायचं काम आमच्याकडे. रघू म्हणजे आमचा जुना कामगार. तो म्हणाला, "एकदम मजबूत आणतो." आणि गेला तो बाभळीचा घेऊन आला!

दोघं कापतायत, कापतायत. पाहुणे टाळ्या वाजवून दमले. सूप गार झालं. नवरीचा मेकअप गळ्यापर्यंत उतरला.

मी म्हटलं, "रघू, मऊ लाकूड आणायचं ना!"

रघू म्हणाला, "मला काय म्हाईत? मला वाटलं, संसार टिकला पायजे!"

*

सिडकोतल्या कॉलनीत बौद्ध पद्धतीचं लग्न होतं. सवयीने मी विचारलं, "मुहूर्त कितीचा?"

नवरीचे वडील शाळेत शिक्षक. म्हणाले, "माणसं आली की मुहूर्त!"

पांढऱ्या साडीत नवरी, मेणबत्त्या, वंदना, आणि लग्न लागलंसुद्धा. मी अजून झुंबर लावत शिडीवरच!

वरून मला वहिनी दिसत होती. दादा गेल्यापासून कुठलंही लग्न लागताना ती खांबाआड जाते. मला राग येतो, पण जाते. तेवढ्यात नवरीच्या आईने तिच्या ओंजळीत फुलं घातली.

वहिनी हळूच म्हणाली, "ताई, माझे मालक गेलेत."

"अरेरे. कधी हो?" असं विचारत विचारतच त्या माउलीने तिला हाताला धरून पहिल्या रांगेत नेऊन उभं केलं.

*

पेठकडच्या एका पाड्यावर तर माझीच फजिती. हळद लागलेला, मुंडावळ्या बांधलेला एक म्हातारा नवरदेवाच्या खुर्चीत आरामात बसलेला.

मी म्हटलं, "बाबा, उठा. नवरदेवाला बसू द्या."

"मीच नवरा हाय!"

"मग हा शेजारचा?"

"तो बी नवराच. माझा पोरगा हाय."

तिकडे अशी रीत आहे. जमेल तसा संसार थाटायचा, आणि लग्नाचा मांडव जमेल तेव्हा घालायचा. कधीकधी तो पोराच्याच लग्नात जमतो! म्हातारी नवरी सुनेच्या शेजारी नटून बसलेली.

वहिनीने तिला विचारलं, "आजी, इतकी वर्षं थांबलात?"

"थांबले," म्हातारी म्हणाली. "आता दात पडले त्याचे. पळून कुठं जातो?"

वहिनी खळखळून हसली. दादा गेल्यानंतर पहिल्यांदा. मी दोर बांधता बांधता थांबलो, तर माझ्यावरच ओरडली, "गाठ मार ना, तोंड काय बघतो!"

*

धरणाकडच्या त्या रिसॉर्टवर पुन्हा काम निघालं, तेव्हा एक फ्रान्सचा म्हातारा भेटला. वाइन बनवणारा. तिथली मॅनेजर मुलगी त्याचं बोलणं आम्हाला मराठीत सांगायची. तो म्हणाला, "आमच्या देशात सरकारची परवानगी काढून मेलेल्या माणसाशीही लग्न लावता येतं."

रघूच्या हातातून दोर सुटला.

वहिनीने विचारलं, "नवरदेवाच्या जागी काय ठेवतात?"

"रिकामी खुर्ची. नाहीतर फोटो."

वहिनी बराच वेळ खुर्च्यांना कव्हरं घालत राहिली. मी मनातल्या मनात त्या म्हाताऱ्याला शिव्या घालत होतो. मग ती म्हणाली, "बारक्या, त्यांच्यात मेलेल्यासंगं बी लगीन लागतं. आपल्यात झालेलं लगीन बी पुसायला बसतात. आणि येडं म्हणायचं त्यांना!"

मी म्हणालो, "वहिनी, एक कव्हर उलटं घातलंय."



*

गंगापूर रोडला एका मोठ्या बंगल्यात मुहूर्तमेढ होती. मुहूर्तमेढ म्हणजे मांडवाचा पहिला खांब. घरच्या सवाष्णी हळदकुंकू लावून तो पुरतात. खड्डा आम्ही करून देतो. वहिनी पहार घेऊन पुढे झाली, तशी नवरीची मावशी आडवी आली.

"तुम्ही नको. तुम्ही गाडीजवळ थांबा."

"मग खड्डा?"

"तुमची माणसं करतील."

मी म्हणालो, "तिचा हात नको, तर आमचा पण नको!" रघूने टिकाव टाकून दिला.

"काही अडत नाही," मावशी म्हणाली. "आमच्या बायका करतील!"

वहिनी गाडीच्या मागच्या उघड्या फाळक्यावर बसली आणि शेंगदाणे खायला लागली.

पाच सवाष्णी, पाच पैठण्या, एक पहार. अंगणात खाली सगळा कडक मुरूम. पहार टण्णकन उडायची आणि बायका मागे पळायच्या. फोटोग्राफर म्हणतोय, "ताई, स्माईल!" गुरुजी घड्याळ बघून खाकरतायत. नवरीचे वडील पुढे सरसावले, ते कंबर धरून खालीच बसले.

शेवटी घरातली आजी ओरडली, "मेढच राहिली तर लग्न कशाचं? बोलवा त्या पोरीला!"

मावशीच गाडीपाशी आली. मान खाली घालून म्हणाली, "या हो."

वहिनीने शेंगदाण्याची पुडी माझ्या हातात दिली. "येते. पण मेढ तुमची हाय, तुमचा हात लागला पायजे. तुम्ही पहार धरा. मी घण मारते."

मावशीने दोन्ही हातांनी पहार उभी धरली. वहिनीने पदर खोचला आणि गाडीतला घण घेऊन डोक्यावर उचलला. मावशीने डोळे गच्च मिटले आणि देवाचा धावा सुरू केला.

घण तसाच वर धरून वहिनी म्हणाली, "डोळे उघडा मावशी. मी विधवा हाय, आंधळी नाय!"