अण्णांनी सोडलेली गया

मी काशीला निघाले तेव्हा मिरज स्टेशनवर शेजारच्या गोदूआजी वाकून माझ्या पाया पडल्या. मी पुरती बावीसची नव्हते, नव्या चपला चावत होत्या, आणि पंच्याहत्तरीची बाई फलाटावर माझ्या पायांशी! "काशीला चाललीस, पुण्यवान आहेस बाई." मी दगडांचा अभ्यास करायला, भूशास्त्रात एम.एस्सी. करायला चालले होते. पण ते ऐकून घ्यायला तिथे कोणाला सवड होती?

आदिती, तू माझी भाची, टोरांटोला गेलीस तेव्हा घरात महिनाभर धामधूम होती. जॅकेट, कुकर, मेतकूट, व्हिडिओ कॉलवर अश्रू. मला काय मिळालं? गडू. तांब्याचे, रिकामे, येताना गंगा भरून आणायला. तिकडे थंडी किती असते, असं मी आईला विचारलं, तर म्हणाली, "काशी काय परकी आहे का? आपलीच." या वाक्याचा राग मला आजही येतो. डिसेंबरात आपलीच काशी धुक्यात अशी बुडाली की समोरचा बैल शिंग लागल्यावर कळायचा, आणि माझ्याकडे होती एक शाल. तीही लग्नात मिरवायची.

हॉस्टेल मिळालं नाही, म्हणून दूधविनायकाच्या गल्लीत कमलकाकूंकडे खोली घेतली. त्यांचं घराणं पिढ्यान् पिढ्या तिथलं. मराठी बोलायच्या, पण कशी? "मंदा, दाराची कुंडी नीट लाव, बंदर आत घुसतात. आणि जल्दी नहा, नळ जाईल." मी मनातल्या मनात त्यांची मराठी दुरुस्त करत असे. हल्ली माझी बहीण फोनवर माझी दुरुस्त करते.

रविवारी एसटीडी बूथवरून घरी फोन लावायचा. पहिला प्रश्न, "गंगास्नान झालं का?" जेवलीस का, वर्गात काय शिकवतात, कोणी मैत्रीण मिळाली का, हे काही नाही. तुम्ही मुलं परदेशात गेलात की शिकायला गेलात. मी गेले ती यात्रेला.

आणि मग मिरजेहून यात्रेकरू सुरू झाले. मामेभावाचे सासरे, आईच्या भजनीमंडळातल्या बायका. आपली मंदा काशीत आहे, मग काय! माझी परीक्षा तोंडावर, आणि मी पंचगंगा घाटाच्या उभ्या पायऱ्यांवरून कोणाच्या तरी काकूंना हाताला धरून उतरवतेय. काशीला आलं की आवडीची एक वस्तू सोडायची आणि ती जन्मात पुन्हा घ्यायची नाही, ही रीत तुम्हाला ठाऊक असेल. ही मंडळी काय सोडायची? दोडका. पडवळ. आंब्यावर जीव टाकणारे लोक गंगेत उभे राहून गंभीर चेहऱ्याने दोडका सोडायचे! परत येऊन कमलकाकूंच्या हातचा श्रीखंडाचा वाडगा चाटूनपुसून साफ.

मला एवढंच वाटायचं, की घरच्या एका तरी माणसाने माझं डिपार्टमेंट बघावं. एकाने. मी इथे काय करते ते कोणाला तरी दिसावं.

दुसऱ्या वर्षी माझे वडील, अण्णा आले. प्रयाग, काशी, गया अशी त्रिस्थळी यात्रा, मिरजेची अख्खी बस, आणि त्यांच्या शेजारच्या सीटवर त्यांची धाकटी बहीण, म्हणजे सुमनआत्या. गयेला आजी-आजोबांचे पिंड द्यायचे, हे अण्णांनी निवृत्तीच्या दिवसापासून मनात धरलेलं. काशीतला मुक्काम थोडका, तो सगळा घाटावर आणि देवळांत गेला. शेवटच्या संध्याकाळी मी म्हटलं, "अण्णा, एकदा माझं डिपार्टमेंट बघायला चला ना."

"सकाळी बस सुटते," आत्या म्हणाली. "तुझे दगड काय पळून जातायत होय? तिकडे पितर वाट बघतायत."

"पितरांना घाई नसते, आत्या. मला आहे."

"बघ दादा, काशीत राहून हेच शिकली!"

अण्णांनी पिशवी आवरायला घेतली. दिवसभर यात्रेचे गुरुजी त्यांना विचारत होते, काय सोडताय? ते म्हणत होते, ठरवतो. मी चिडून खोलीवर गेले. मला वाटलं, आता हेही दोडका म्हणतील.

सकाळी निरोप द्यायला बसपाशी गेले. मंडळी चढली, ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला, आणि अण्णा पिशवी घेऊन खाली उतरले.

"दादा, काय विसरलं?" आत्या खिडकीतून ओरडली.

"काही नाही. गुरुजींना सांग, मी गया सोडली."

"अरे, ती काय भाजी आहे का सोडायला?"

"भाजी नाही, म्हणून तर सोडली," अण्णा म्हणाले, आणि मला म्हणाले, "चल. रिक्षा कुठे मिळते?"

डिपार्टमेंटमध्ये मी त्यांना मायक्रोस्कोपवर बसवलं. दगडाची चकती काचेवर चिकटवून इतकी पातळ घासायची की उजेड आरपार गेला पाहिजे, हे आमचं काम. अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाकले. निळे, नारिंगी, जांभळे तुकडे एकमेकांत रुतलेले. 

"हा कुठला गं दगड? इकडचा?"

"आपल्या परसातल्या विहिरीचा. सुट्टीत घरी गेले होते तेव्हा फोडून आणला."

"तो काळा? ज्यावर तुझी आई धुणं आपटते?"

"तोच."

"जन्म गेला त्याच्यावर पाय घासण्यात," अण्णा म्हणाले, आणि पुन्हा डोळा लावला.

ते गयेला कधीच गेले नाहीत. मी इथेच राहिले, कॉलेजात शिकवायला लागले, दूधविनायकातच घर केलं. अण्णा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. दर पितृपक्षात आत्याचा फोन येतो. "मंदे, तुझ्यापायी माझ्या दादाची त्रिस्थळी राहिली. तुला गया ती किती लांब? त्याच्या नावानं जाऊन ये." दरवर्षी मी तितकीच भडकते. काशीत सोडलेलं परत घ्यायचं नसतं, ही रीत तुमचीच ना? ते माझ्यासाठी सोडलं होतं. त्याला मी कोणाला हात लावू देणार नाही, पितरांनासुद्धा.

यंदा ती लगेच फोन ठेवेना. म्हणाली, "बरं, इतकी वर्षं काशीत आहेस. तू काय सोडलंस ते तरी सांग."

मिरजेला गेले की हल्ली माझ्यासाठी पाहुण्यांचे कप निघतात. कुठल्या फळीवर साखर असते, मला माहीत नसतं. परसातली विहीर बुजवली. तिचा राहिलेला तुकडा माझ्या कपाटात आहे, काचेवर, उजेडाला धरला तर आरपार दिसतो एवढा.

"सांग की," आत्या म्हणाली.

"दोडका," मी म्हटलं.